कमांड मॉडेलने लिहावी, एंटर आपण दाबावा

टर्मिनल (कमांड टाइप करून मशीन चालवायची खिडकी) वापरणाऱ्यांची अडचण बहुधा कमांडचे नाव ही नसतेच. फाइंड, ग्रेप, ऑक, टार ही नावे पाठ असतात. आठवत नाहीत ते त्यांचे पर्याय, म्हणजे कमांडपुढे लावायच्या -नेम, -साइझ अशा खुणा. 'गेल्या महिन्यातल्या १० एमबीपेक्षा मोठ्या पीडीएफ शोध' हे बोलायला पाच सेकंद लागतात, पण फाइंडच्या मॅन पेजमध्ये (कमांडच्या माहितीपानात) ते जुळवत बसलो तर पाच मिनिटे सहज जातात. हे भाषांतर आता आपल्याच मशीनवर बसलेले छोटे भाषा-मॉडेल करून देते, आणि मराठवाड्यातल्या कामांसाठी ते मशीनवरच असणे फार सोयीचे आहे. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटले की दिवसभर नेट नसते. वीज गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर मात्र बंद पडतो. शिवाय सेवा केंद्रातल्या फोल्डरमध्ये लोकांचे आधार, पासबुक, उतारे असतात. फाइलच्या नावातच माणसाचे नाव आणि गट क्रमांक असतो. ती नावे प्रश्नासोबत बाहेरच्या सर्व्हरवर पाठवू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

या लेखात कमांड आणि पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचे.

मशीन किती लागते

मॉडेल आपल्या मशीनवर चालवायला ओलामा हा प्रोग्रॅम पुरतो. मॉडेल म्हणून क्वेन २.५ कोडर घ्यावे. ते कोडवर शिकवलेले आहे आणि अनेक आकारांत मिळते. आकारातला 'बी' म्हणजे अब्ज पॅरामीटर. चार बिटांत दाबलेल्या रूपात ७बी साधारण ४.७ जीबी, ३बी १.९ जीबी आणि १.५बी सुमारे १ जीबी जागा घेते. १६ जीबी रॅम असेल तर ७बी घ्या. ८ जीबीमध्ये ब्राउझर उघडा असताना ७बी चालवायला गेलात तर मशीन स्वॅपमध्ये जाते, म्हणजे रॅमऐवजी डिस्क वापरू लागते, आणि सगळेच गोठते. तिथे ३बी किंवा १.५बीच बरे.

ग्राफिक्स कार्ड नसेल तर वेग ठरतो तो रॅममधून सेकंदाला किती डेटा वाचता येतो यावर, प्रोसेसरच्या गिगाहर्ट्झवर नव्हे. प्रत्येक टोकन (मॉडेल एका वेळी लिहिते तो शब्दाचा तुकडा) काढताना मॉडेलचे सगळे वजन, म्हणजे त्याचे सगळे आकडे, रॅममधून एकदा वाचावे लागते. डीडीआर४-३२०० ची एकच पट्टी असेल तर कमाल वेग सेकंदाला २५.६ जीबी, दोन पट्ट्या दोन चॅनलमध्ये असतील तर ५१.२ जीबी. याला ४.७ ने भागले की सेकंदाला जेमतेम ५ किंवा १० टोकन, आणि हा आकडा कागदावरचा. प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतात. एक कमांड ३०-४० टोकनांची असते, म्हणजे एका पट्टीवर सात-आठ सेकंद थांबावे लागते. म्हणून जुन्या लॅपटॉपमध्ये १६ जीबीची एक पट्टी घालण्यापेक्षा ८-८ च्या दोन घाला. रॅम तेवढीच राहते, वेग मात्र जवळपास दुप्पट होतो.

डिस्कचाही परिणाम आहे. मॉडेल पहिल्यांदा उघडताना ४.७ जीबी डिस्कवरून यायचे असते. साटा जोडणीच्या एसएसडीवर त्याला दहाएक सेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कवर पाऊण मिनिटापर्यंत. ओलामा पाच मिनिटे काम नसले की मॉडेल रॅममधून काढून टाकतो, त्यामुळे तेवढ्या खंडानंतरच्या प्रश्नाला पुन्हा तेवढेच थांबावे लागते. विनंतीत कीप-अलाइव्ह -१ दिले की ते बसून राहते. आणि मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर असताना पंख्याची जाळी धुळीने भरलेला लॅपटॉप तापून स्वतःच वेग कमी करतो. आधी जाळी साफ करा, सेटिंग नंतर तपासा.

मॉडेलला काय सांगायचे

ओलामा पुल करून मॉडेल उतरवले की एक मॉडेलफाइल लिहायची. त्यात फ्रॉमच्या ओळीत मूळ मॉडेल, पॅरामीटरमध्ये टेंपरेचर ०, नम-प्रेडिक्ट १५० च्या आसपास, आणि सिस्टिममध्ये सूचना. मग ओलामा क्रिएटने त्याला आपले नाव द्यायचे. टेंपरेचर शून्य यासाठी की त्याच प्रश्नाला तेच उत्तर यावे. कमांडमध्ये कल्पकता नको. नम-प्रेडिक्टची मर्यादा यासाठी की छोटे मॉडेल कधीकधी एकच तुकडा पुन्हा पुन्हा लिहीत सुटते.

सूचना छोटी आणि इंग्रजीत असावी. एकच ओळ दे, स्पष्टीकरण नको, सुडो (प्रशासकाचा अधिकार देणारी कमांड) कधीही स्वतःहून लावू नकोस, फाइल पुसायला स्पष्ट सांगितले नसेल तर पुसू नकोस. आणि एक फार उपयोगी कलम: प्रश्न अपुरा वाटला तर # ने सुरू होणाऱ्या ओळीत उलट प्रश्न विचार. # ची ओळ शेलला (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला; बॅश आणि झेडशेल हे त्याचे प्रकार) टिप्पणी वाटते, त्यामुळे चुकून एंटर दाबला तरी काही होत नाही. झेडशेलमध्ये यासाठी सेटऑप्ट इंटरॅक्टिव्ह-कॉमेंट्स लावावे लागते, नाहीतर तो # लाच कमांड समजतो.

याच्या पुढे मशीनची माहिती जोडायची: ऑपरेटिंग सिस्टिम, डिस्ट्रोचे नाव, शेल, चालू फोल्डर, आणि त्यातली पहिली वीस-पंचवीस नावे. नावे दिल्याने मोठा फरक पडतो. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलींचे एक्स्टेन्शन मोठ्या लिपीतले जेपीजी असते. नावे न पाहता मॉडेल लहान लिपीत -नेम लिहिते आणि एकही फोटो सापडत नाही. नावे पाहिली की बहुधा -आयनेम वापरते, जे लहान-मोठी लिपी सारखीच मानते. सिस्टिमचे नावही तितकेच गरजेचे. सेड -आय लिनक्सवर जसे चालते तसे मॅकवर चालत नाही, तिथे पुढे रिकामे अवतरण द्यावे लागते. डेट -डी हे ग्नूचे, मॅकवर डेट -व्ही. फाइंडचे -प्रिंटएफ मॅकवर नाहीच.

क्रम लक्षात ठेवा: न बदलणारे आधी, प्रश्न सगळ्यात शेवटी. मॉडेल रॅममध्ये असेपर्यंत आधी वाचलेला सुरुवातीचा भाग पुन्हा वाचावा लागत नाही. मध्येच वेळ किंवा तारीख घातली तर तिथून पुढचे सगळे परत वाचले जाते, आणि ग्राफिक्स कार्डाशिवाय ते वाचन जाणवण्याइतके मंद असते.

उत्तर ओळीवर यावे, चालू नये

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय इथे आहे. नेटवर मिळणाऱ्या बऱ्याच स्क्रिप्ट उत्तर घेऊन 'चालवू का, होय/नाही' असे विचारतात आणि होय म्हटले की इव्हॅलला देतात, म्हणजे लगेच चालवतात. तिसऱ्या दिवसापासून बोट आपोआप होयवर जाते. त्याऐवजी उत्तर थेट प्रॉम्प्टच्या ओळीवर, आपणच टाइप केल्यासारखे आले पाहिजे. मग ते वाचता येते, मधला एक पर्याय बदलता येतो, आणि एंटर नेहमीसारखा आपल्या हातात राहतो.

बॅशमध्ये हे बाइंड -एक्सने होते. ऑल्ट-ए ला एक फंक्शन बांधायचे. फंक्शन चालताना रीडलाइन-लाइन या व्हेरिएबलमध्ये तुम्ही टाइप केलेला इंग्रजी प्रश्न असतो. तो मॉडेलला द्यायचा, उत्तर त्याच व्हेरिएबलमध्ये भरायचे, आणि रीडलाइन-पॉइंटमध्ये उत्तराची लांबी टाकायची म्हणजे कर्सर शेवटी जातो. ही सोय बॅश ४ पासून आहे. मॅकसोबत येणारा बॅश ३.२ चा, म्हणून तिथे झेडशेलच वापरा: विजेटमध्ये बफर आणि कर्सर ही व्हेरिएबले, झेडएलई -एन ने नोंदणी, बाइंडकीने कळ.

मॉडेलशी बोलताना फंक्शनने ओलामा रन न वापरता कर्लने लोकलहोस्टच्या ११४३४ पोर्टवर एपीआय/जनरेटला विनंती पाठवावी, स्ट्रीम फॉल्स ठेवून. विनंतीचा जेसन (डेटा लिहायचा ठरलेला साचा) हाताने जोडू नका. प्रश्नात एक दुहेरी अवतरण आले की विनंती मोडते. जेक्यू या साधनाचे -एन आणि --आर्ग ते व्यवस्थित गुंडाळून देतात. उत्तर जेक्यू -आर ने रिस्पॉन्स या खणातून काढायचे.

कितीही सांगितले तरी छोटे मॉडेल कधीतरी उत्तर तीन बॅकटिकांच्या चौकटीत देते. सेडने त्या ओळी काढून टाका आणि शेवटची नवी ओळही छाटा. नवी ओळ हेच थांबण्याचे चिन्ह ठेवावे असा मोह होतो, पण मग चौकट आली की हातात फक्त तिची पहिली ओळ उरते. दुसरा मार्ग म्हणजे ओलामाच्या फॉरमॅट खणात जेसन स्कीमा देणे. त्यात चौकट येत नाही, पण बॅकस्लॅश असलेल्या सेड-ऑकच्या कमांडींत छोटी मॉडेले एस्केपिंग (खास चिन्हांआधी बॅकस्लॅश लावणे) चुकवतात. सेडने छाटणेच बरे. उत्तराआधी विचार लिहीत बसणारी मॉडेले, उदाहरणार्थ क्वेन ३, या कामाला घ्यायची तर थिंक फॉल्स करून घ्या, नाहीतर एका एलएससाठी मिनिटभर वाट पाहावी लागेल.

ओळीवर ठेवण्याआधी दोन तपासण्या स्वस्त आहेत. बॅश -एन व्याकरण पाहते, शेलचेक अवतरणांशिवायची व्हेरिएबले पकडते. तिसरी थोडी कष्टाची: कमांडच्या पहिल्या शब्दाला कमांड -व्ही लावून ते साधन मशीनवर आहे का पाहणे. मॉडेल आरजी किंवा एफडी (ग्रेप आणि फाइंडऐवजी वापरायची साधने) सुचवते आणि मशीनवर ते नसते, असे वारंवार होते.

बरोबर दिसणाऱ्या चुकीच्या कमांडी

मोडकी कमांड त्रास देत नाही, ती एरर देऊन थांबते. खरा धोका आहे तो निमूट चालणाऱ्या आणि वेगळेच करणाऱ्या कमांडींचा.

फाइंडमध्ये क्रमाला अर्थ आहे. फाइंड . -डिलीट -नेम "*.टीएमपी" ही ओळ आधी सगळे पुसते, नाव नंतर पाहते. -डिलीट शेवटीच हवे, आणि पहिल्यांदा त्याजागी -प्रिंट घालून यादी पाहावी. सात दिवसांपेक्षा जुन्या फाइलींसाठी मॉडेल -एमटाइम +७ देते. फाइंड दिवसाचा अपूर्णांक सोडून देतो, म्हणून त्यात पूर्ण आठ दिवस झालेल्याच फाइली येतात. साडेसात दिवसांची सुटते. -साइझ -१एम तर आणखी फसवे: आकार वरच्या पूर्ण एमबीला नेला जातो, त्यामुळे १ एमबीपेक्षा लहान म्हणून फक्त रिकाम्या फाइली मिळतात. तिथे बाइटमध्ये मोजणारे सी हे एकक वापरावे.

लग्नसराईत स्टुडिओत 'तारखेप्रमाणे फोटो वेगळे कर' हे काम रोजचे. मॉडेल फाइलची बदलाची वेळ पाहते. पण कार्डावरून साध्या सीपीने उतरवले असतील तर ती वेळ उतरवल्याची असते, काढल्याची नाही. हळद, सीमांतपूजन आणि लग्न एकाच फोल्डरमध्ये जाऊन पडतात. प्रश्नातच 'एक्झिफटूल (फोटोतली माहिती वाचणारे साधन) वापर, डेट-टाइम-ओरिजिनल पाहा' असे सांगा. दोन कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र करताना दोन्हींत आयएमजी ०००१ असतो. साधा एमव्ही दुसऱ्याने पहिला झाकून टाकतो, काही न विचारता. लिनक्सवर एमव्ही --बॅकअप=नंबर्ड हवे. एमव्ही -एन ने जुना फोटो वाचतो, पण नवा जागचा हलत नाही, हे ध्यानात ठेवा.

नावांतली मोकळी जागा हा जुनाच रोग. 'सातबारा नवीन गट २१४' अशी नावे असताना मॉडेलने फॉर लूपमध्ये फाइंड घातला की एका फाइलचे चार तुकडे होतात. त्याऐवजी फाइंड -प्रिंट० आणि एक्सआर्ग्ज -०, किंवा फाइंडचेच -एक्झेक वापरा. सूचनेत 'नावांत मोकळी जागा आणि देवनागरी असते' हे वाक्य कायमचे घालून ठेवा. चुका बऱ्याच कमी होतात.

देवनागरी फाइली आणि देवनागरी आकडे

इथे इंग्रजी उदाहरणांवर शिकलेले मॉडेल सर्वांत जास्त अडखळते, म्हणून थोडे सविस्तर.

मंडळनिहाय पावसाची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या रकान्यांची फाइल) घ्या. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झालेली महसूल मंडळे काढायची आहेत, कारण अतिवृष्टीचा निकष तोच. मॉडेल देते: ऑक, स्वल्पविराम विभाजक, चौथा रकाना ६५ पेक्षा मोठा. कमांड निर्दोष दिसते. पण फाइलमधले आकडे देवनागरी असतील तर ऑकच्या लेखी ते आकडे नाहीत, मजकूर आहे. मग तो मजकुराची तुलना करतो, आणि देवनागरी अक्षरांचे संकेत इंग्रजी अंकांपेक्षा मोठे असल्याने प्रत्येक ओळ पास होते. १२ मिलिमीटरचे मंडळही अतिवृष्टीच्या यादीत येते, आणि मथळ्याची ओळही. यादी भरलेली दिसते, त्यामुळे शंकाही येत नाही. आधी अंक बदलून घ्यायचे. त्यासाठी मॉडेल टीआर सुचवते. लिनक्सवरचा टीआर बाइट पाहतो, अक्षर नाही, म्हणून कचरा निघतो. सेडची वाय ही क्रिया यूटीएफ-८ लोकॅलमध्ये (शेलच्या भाषा-सेटिंगमध्ये) दहाही अंक नीट बदलते. मथळा वगळायला एनआर (ओळ क्रमांक) १ पेक्षा मोठा ही अट घालावी.

तारखाही तशाच. आपल्याकडे ०३-०४-२०२५ म्हणजे ३ एप्रिल. तिरक्या रेघांनी लिहून डेट -डी ला दिली की तो ती ४ मार्च वाचतो. आणि साध्या सॉर्टने अशा तारखा लावल्या तर सगळ्या महिन्यांच्या १ तारखा आधी एकत्र येतात. फाइलमधला क्रम दिवस-महिना-वर्ष आहे हे प्रश्नात लिहाच.

शोधाचे दुखणे वेगळे. 'शेतकऱ्यांची' आणि 'शेतकर्‍यांची' हे डोळ्यांना सारखे दिसतात, पण एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. ऱ चे आणखी एक रूप म्हणजे र आणि खालचा नुक्ता असे दोन तुकडे. मॉडेल एक रूप लिहिते, फाइलमध्ये दुसरे असते, ग्रेप रिकाम्या हाताने परत येतो. अशा शब्दाचा फक्त आधीचा भाग, 'शेतक', शोधा. जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीतल्या मजकुराला यातले काहीच लागू नाही. तो आतून इंग्रजी अक्षरांचा असतो आणि युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय शोधता येत नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर अक्षरेच नसतात, फक्त चित्र असते. त्यावर आधी टेसेरॅक्ट या अक्षरे ओळखणाऱ्या साधनाचे मराठी मॉडेल चालवावे लागते, हे भाषा-मॉडेल आपणहून सांगत नाही.

प्रश्न मराठीत विचारला तर? मोठी मॉडेले समजून घेतात. ३बीच्या खालची चुकतात, शिवाय देवनागरी वाक्य त्याच अर्थाच्या इंग्रजी वाक्यापेक्षा कितीतरी जास्त टोकन खाते, म्हणजे वेळही. इंग्रजी लिपीतली मराठी सर्वांत वाईट; तिचा अर्थ मॉडेल मनाने लावते. तोडकेमोडके इंग्रजी मात्र उत्तम चालते. व्याकरण सोडा, चार गोष्टी द्या: काय करायचे, कशावर, कुठे, कोणत्या अटीवर. 'लिस्ट पीडीएफ, धिस फोल्डर ओन्ली, ओव्हर १० एमबी, लास्ट ३० डेज' एवढे पुरे. 'धिस फोल्डर ओन्ली' लिहिले नाही तर फाइंड खालची सगळी फोल्डरे पालथी घालतो. लिहिले की -मॅक्सडेप्थ १ येते. फाइलचे मराठी नाव प्रश्नात हाताने टाइप करू नका. इंग्रजी प्रश्नाने आलेली कमांड घ्या आणि नावाच्या जागी टॅब दाबून शेलकडून नाव भरून घ्या.

कुलूप कुठे लावायचे

आरएम (फाइल पुसणारी कमांड) हा शब्द सापडला की अडवणारी यादी बनवणे सोपे वाटते, पण तिच्यावर विसंबू नका. फाइंडचे -डिलीट, एमव्ही, डीडी, आणि एका > चिन्हाने रिकामी होणारी फाइल, यांपैकी कशातच आरएम नाही. यादीचा उपयोग एवढाच की असे काही असले तर ओळीआधी लाल इशारा छापावा. पुसण्याच्या कामासाठी ट्रॅश-क्लाय या साधनाचे ट्रॅश-पुट वापरायला मॉडेलला सूचनेतच सांगा, म्हणजे चुकले तरी परत आणता येते.

फोल्डरमधली नावे मॉडेलला देतो, तेव्हा बाहेरून आलेल्या फाइलींची नावेही जातात. एखाद्या झिपमधल्या फाइलचे नावच सूचनेसारखे लिहिलेले असू शकते आणि छोटे मॉडेल तिला फसू शकते. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये उभे असताना नावे पाठवणे बंद करा. ओलामा मुळात फक्त त्याच मशीनवरून ऐकतो. ऑफिसातल्या चार मशीनना एकच मॉडेल वापरू द्यायचे म्हणून ओलामा-होस्ट ०.०.०.० केले तर त्या नेटवर्कवरचा कोणीही ते वापरू शकतो, पासवर्डची सोय त्यात नाही. फायरवॉलमध्ये त्या चारच पत्त्यांना ११४३४ पोर्ट उघडा ठेवा.

मॉडेल बदलण्याआधी स्वतःची परीक्षा तयार ठेवावी. एक रिकामे फोल्डर घ्या. त्यात मोकळी जागा असलेले नाव, देवनागरी नाव, - ने सुरू होणारे नाव, मोठ्या लिपीतले एक्स्टेन्शन, शून्य बाइटची फाइल, देवनागरी आकड्यांची सीएसव्ही आणि टच -डी ने मागच्या तारखा दिलेल्या काही फाइली ठेवा. आपल्या कामातले वीस-तीस प्रश्न एका फाइलीत लिहा, प्रत्येकापुढे अपेक्षित निकाल. निकाल ताडून पाहा, कमांडचे अक्षर नव्हे. एकच काम चार पद्धतीने बरोबर होते. सुरुवात १.५बीपासून करा आणि ते मॉडेल ज्या प्रश्नांवर चुकते तेवढेच घेऊन ३बी, मग ७बी पाहा.